इंटरला अडलेली गाडी एम.ए.ला पोचली
कुरुंद्याच्या नरहर कुरुंदकरांच्या शिक्षणाची हकीकत

दहावी-बारावीचे निकाल लागले की खेड्यातल्या घरांची दोन गटांत वाटणी होते. ज्या घरचे पोर पास झाले तिथे पेढे वाटतात. ज्या घरचे नापास झाले तिथे चूल पेटलेली असते, पण पानावर कोणी नीट बसत नाही. "बस झालं आता शिक्षण. उद्यापासून औत धर," असे पोराला सांगितले जाते. पोरगी असली तर तेवढेही कोणी बोलत नाही. आठ-पंधरा दिवसांत पाहुणे बघायला येतात. पेरणी तोंडावर आलेली असते, कामाला माणूस हवाच असतो. एका कागदावरचे चार आकडे बघून आपण त्या लेकराच्या पुढच्या पन्नास वर्षांचा निकाल लावतो आणि मोकळे होतो.

अशा घरांसाठी आज एका माणसाच्या शिक्षणाची हकीकत सांगायची आहे. माणूस दूरचा नाही, आपल्या हिंगोली जिल्ह्यातलाच. नाव नरहर अंबादास कुरुंदकर. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य होते. साहित्य असो, इतिहास असो, राजकारण असो, ते बोलायला उभे राहिले की सभा तासन् तास हलत नसे. 'जागर', 'शिवरात्र', 'रूपवेध', 'मनुस्मृती' अशी त्यांची पुस्तके आजही वाचली जातात. रणजित देसाई यांची शिवाजी महाराजांवरची 'श्रीमान योगी' ही कादंबरी अनेक घरांत आहे. तिच्या सुरुवातीला जी लांबलचक प्रस्तावना आहे, ती कुरुंदकरांचीच.

असा हा विद्वान माणूस इंटरच्या परीक्षेत नापास झाला होता. आणि एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा.

मग ती अडलेली गाडी एम.ए.पर्यंत गेली कशी? ती कोणी ढकलली? आणि त्यातून आपल्या घरातल्या मुलामुलींसाठी काय घेण्यासारखे आहे? एकेक टप्पा बघत जाऊ.

गाव कुरुंदा, आजोळ नांदापूर

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर इथे झाला. नांदापूर कळमनुरी तालुक्यातले, ते त्यांचे आजोळ. घराण्याचे मूळ गाव वसमत तालुक्यातले कुरुंदा, त्यावरूनच आडनाव कुरुंदकर. ही दोन्ही गावे तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्हा विभागून हिंगोली जिल्हा झाला, तेव्हापासून ती हिंगोलीत आली.

त्या काळी आपल्या भागावर निजामाचे राज्य होते. शाळा थोड्या, त्याही मोठ्या गावांत. सबंध हैदराबाद संस्थानात लिहिता-वाचता येणारी माणसे शंभरात दहासुद्धा नव्हती. पोराला शिकवायचे म्हणजे त्याला घरापासून तोडून कुठल्या तरी नातेवाइकाच्या दारात नेऊन ठेवायचे, हा रिवाजच होता. कुरुंदकरांची शाळा वसमतच्या बाजूला झाली आणि कॉलेजसाठी त्यांना हैदराबाद गाठावे लागले.

आपल्याच जिल्ह्यातले दुसरे एक उदाहरण सांगतो. कडोळीचे नानाजी देशमुख १९१६ साली जन्मले. घरची गरिबी इतकी की भाजी विकून त्यांनी शिक्षणापुरते पैसे जमवले, आणि कॉलेजसाठी थेट राजस्थानातल्या पिलानीला गेले. पुढे १९९१ साली त्यांनी चित्रकूट इथे खेड्यांसाठी विद्यापीठ उभे केले, आणि २०१९ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा सन्मान मिळाला. कडोळी कुठे आणि पिलानी कुठे! आपल्या भागातल्या पोराला कॉलेज शिकायचे तर मुलूख सोडावा लागे, एवढे यावरून ध्यानात यावे.

एक पोर, तीन भाषा

आज आपण मराठी शाळा की इंग्रजी शाळा यावर वाद घालतो. निजामाच्या राजवटीत हा प्रश्न फार बिकट होता. पोर घरात मराठी बोले. पण सरकारी हायस्कुलात वरच्या वर्गांत गणित, इतिहास, भूगोल सारे उर्दूतून. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले, तिथेही शिकवणे उर्दूतूनच. औरंगाबादला १९२३ सालापासून एक सरकारी इंटर कॉलेज होते. पण पुढच्या शिक्षणासाठी बहुतेकांना हैदराबादच गाठावे लागे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. त्यानंतर उस्मानियात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. म्हणजे कुरुंदकरांच्या वयाच्या मुलांची अवस्था बघा. आईची भाषा मराठी, हायस्कुलाची उर्दू आणि कॉलेजची इंग्रजी. एका शेतात तीन वर्षे तीन वेगळी पिके घेतली तर जमिनीला कसर भरून काढायला वेळ लागतो. इथे तर कोवळी पोरे होती. त्यातच मुक्तिसंग्रामाचे दिवस. शाळा-कॉलेजे सोडून मुले लढ्यात उतरली होती. सोळा वर्षांचे कुरुंदकरही त्या लढ्याकडे ओढले गेले.

याच खटाटोपातून मराठवाड्यातल्या शहाण्या माणसांनी आपल्या भाषेच्या शाळा काढल्या. अंबाजोगाईचे योगेश्वरी, औरंगाबादचे सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा ही त्यांतली नावे. स्वामी रामानंद तीर्थ हे मुक्तिसंग्रामाचे पुढारी. ते आधी हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला शिक्षक होते. राज्य बदलायचे तर आधी वर्ग भरवावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

मामांचे घर

कुरुंदकरांच्या शिक्षणातला पहिला मोठा आधार म्हणजे त्यांचे मामा. डॉ. ना. गो. नांदापूरकर हे हैदराबादेत मराठीचे प्राध्यापक आणि नामांकित अभ्यासक होते. मुक्तेश्वर आणि मोरोपंत या दोन कवींनी मराठीत महाभारत रचले; त्या दोन्ही भारतांचा तौलनिक अभ्यास नांदापूरकरांनी केला. मराठी भाषेच्या घडणीवर 'मायबोलीची कहाणी' हे पुस्तक लिहिले. उर्दूचा अंमल असलेल्या शहरात बसून एका खेड्यातून आलेल्या माणसाने मराठीचे हे काम केले.

अशा मामांच्या सहवासात भाचा वाढला. मामांनी भाच्याला काय दिले? जेवण आणि अंथरूण तर दिलेच असेल, ते आपल्याकडे कोणताही मामा देतो. पण ज्या घरात पुस्तके हाताशी असतात, मोठी माणसे येऊन वाद घालतात, आणि पोराने मध्येच काही विचारले तर "तू गप्प बस" म्हणून त्याला उठवले जात नाही, ते घरच एक शाळा होते. कुरुंदकरांना ती शाळा मिळाली.

आपल्या घरी प्राध्यापक मामा नसेल. पण पोराला प्रश्न विचारू देणे आपल्या हातात आहे, आणि त्याला पैसा लागत नाही.

इंटरचा उंबरठा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. आजच्या तरुण वाचकांना 'इंटर' म्हणजे काय ते सांगायला हवे. त्या वेळी मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षांचा इंटरमिजिएटचा अभ्यासक्रम असे. तो पार केला की दोन वर्षांची बी.ए. आणि मग दोन वर्षांची एम.ए. इंटर म्हणजे आजच्या बारावीसारखा उंबरठा. तो ओलांडला तर पुढचे घर, नाही तर अंगणात. पुढे महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन ही पद्धत आली. १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि १९७७ साली बारावीची.

हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकणारे कुरुंदकर या उंबरठ्यावर ठेचाळले. बुद्धी कमी होती असे कोणीच म्हणणार नाही. पण त्यांचे वाचन अभ्यासक्रमाच्या चौकटीत मावणारे नव्हते. परीक्षा विचारते तेवढेच वाचायचे आणि तेवढेच लिहायचे, हा त्यांचा पिंडच नव्हता. आपल्याकडे एखादा बैल असतो, ओढीला जबर, पण चाकोरीत चालायचे म्हटले की मान टाकतो. तसेच काहीसे झाले. गाडी अडली, पुन्हा बसले, पुन्हा अडली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कुरुंदकर नापास झाले, पण त्यांचे शिकणे थांबले नाही. नापास झालेल्या दिवसांतही ते वाचत होते, ऐकत होते, वाद घालत होते. परीक्षा हुकली तरी अभ्यास हुकला नाही. आपल्याकडे उलटे होते. एका विषयात गेलेले पोर सगळी पुस्तके रद्दीत घालते, आणि घरचेही "बरे झाले, जागा मोकळी झाली" म्हणतात. परीक्षेत एक विषय गेलेला असतो. आपण त्याच्यापायी सगळेच घालवून बसतो.

हायस्कुलातला मास्तर

पुढे कुरुंदकर नांदेडला आले आणि प्रतिभा निकेतन या शाळेत शिक्षक झाले. मोठी पदवी नाही, अंगावर साधे कपडे, समोर शाळेची पोरे. पण शाळा सुटल्यावर मास्तरांचा दुसरा वर्ग सुरू होई, तो स्वतःसाठी. इंग्लंडमधले समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स यांच्या विचारांवर त्यांनी पुढे मराठीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. असा ग्रंथ लिहायचा तर मूळ इंग्रजी ग्रंथ वाचून पचवावे लागतात. उर्दूतून शाळा आणि इंग्रजीतून कॉलेज अशी ओढाताण झालेल्या माणसाने ते केले, हे विसरू नका.

त्या वेळच्या नांदेडचीही हकीकत सांगायला हवी, कारण माणूस एकटा वाढत नाही, गावही त्याला वाढवते. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेड एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पीपल्स कॉलेज सुरू झाले. त्याच साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. दहा वर्षांत चित्र पालटले. ज्या पदवीसाठी आधी हैदराबाद गाठावे लागे, ती आता आपल्या मुलखात मिळू लागली. नोकरी करता करता शिकण्याची सोय झाली ती यामुळे.

आणि तरीही एम.ए. केलेच

आता या हकीकतीतला दुसरा भाग, जो बरेच जण सांगत नाहीत.

कुरुंदकर परीक्षेत नापास झाले हे सभेत सांगितले की टाळ्या पडतात. "बघा, शिक्षणाशिवाय माणूस मोठा होतो," असा अर्थ काढून लोक घरी जातात. हा अर्थ साफ चुकीचा आहे. कुरुंदकरांनी पदवीला लाथ मारली नाही. शाळेची नोकरी सांभाळून ते परत परीक्षेला बसले. बी.ए. झाले. मराठी विषय घेऊन एम.ए. झाले. आणि मग पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले.

वाचन त्यांच्याजवळ आधीही होते, विद्वत्ता आधीही होती. पण कॉलेजचे दार एम.ए.च्या कागदाशिवाय उघडत नव्हते. त्यांनी तो कागद मिळवला, तेव्हा दार उघडले. पुढे त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. नांदेड, परभणी, हिंगोली या भागातली किती तरी मुले त्यांच्या हाताखालून गेली. ते हायस्कुलातच राहिले असते तरी चांगले शिक्षक झालेच असते. पण कॉलेजातल्या त्या मुलांना ते मिळाले नसते.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला एका कार्यक्रमात, व्यासपीठावरच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही पुरी झाली नव्हती. इंटरमध्ये गेलेली वर्षे धरूनही या माणसाने पन्नास वर्षांच्या आत केवढे काम उभे केले! मग एका वर्षाच्या नापासाने आयुष्य वाया गेले असे आपण कोणत्या हिशेबाने म्हणतो?

तात्पर्य, या हकीकतीला दोन बाजू आहेत. एक, परीक्षेतले अपयश म्हणजे माणसाचे अपयश नव्हे. दोन, अडलेली परीक्षा अर्धवट टाकू नये, उशिरा का होईना पुरी करावी. पहिली बाजू धरून दुसरी सोडली तर नुसता आळस पदरात पडतो. दुसरी धरून पहिली सोडली तर पोर भीतीने खचते.

हळदीचे पीक आणि शिक्षण

वसमत भाग म्हणजे हळदीचा भाग. इथल्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद लावणाऱ्या शेतकऱ्याला शिक्षणाची गोष्ट समजावून सांगणे सोपे आहे.

सोयाबीन साडेतीन महिन्यांत घरात येते. हळदीचे तसे नाही. मे-जूनमध्ये बेणे लावले की फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाट बघायची. पाला वाळला, कंद खणून काढले, तरी काम संपत नाही. हळद शिजवायची, उन्हात वाळवायची, पॉलिश करायची, तेव्हा ती बाजारात उभी राहते. कच्चा कंद घेऊन कोणी वसमतच्या मोंढ्यात पोचला आणि शिजवलेल्या हळदीचा भाव मागू लागला, तर लोक हसतील.

दहावी म्हणजे लावण. बारावी, बी.ए., बी.एस्सी. म्हणजे वाढ आणि काढणी. पदव्युत्तर शिक्षण म्हणजे शिजवणे-वाळवणे. त्याला वेळ लागणारच. 'पी हळद अन् हो गोरी' ही म्हण आपल्याकडे उगीच पडली नाही. आज फी भरली आणि उद्या नोकरी लागली, असे होत नाही. मध्ये एक पाऊस हुकला म्हणून कोणी उभी हळद नांगरून टाकत नाही. मग एक परीक्षा हुकली म्हणून पोराचे शिक्षण का नांगरून टाकायचे?

आजची वाट कशी आहे?

कुरुंदकरांच्या वेळेपेक्षा आज वाटा पुष्कळ झाल्या आहेत. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. आपल्या जिल्ह्यातली कॉलेजे त्याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. शेतीचे उच्च शिक्षण परभणीच्या कृषी विद्यापीठात १९७२ सालापासून मिळते. कळमनुरी तालुक्यातल्या रुपूरचे फ. मुं. शिंदे मराठीचे प्राध्यापक झाले, कवी म्हणून गाजले आणि २०१४ साली सासवडच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका खेड्यातून तिथवर वाट जाते, हे त्यांनीही दाखवले.

वाटा आहेत, पण त्या माहीत नसल्या तर उपयोग नाही. म्हणून घरातल्या मोठ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

दहावीत विषय राहिला तर वर्ष वाया जातेच असे नाही. पूर्वी फेरपरीक्षेसाठी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे. २०१५ सालापासून दहावीची फेरपरीक्षा निकालानंतर लगेच, पावसाळ्याच्या तोंडी होते. एक-दोन विषय राहिलेल्यांना अकरावीत प्रवेश घेऊन ते विषय सोडवण्याचीही सवलत असते. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांना भेटावे आणि फॉर्मची तारीख लिहून घ्यावी. तारीख हुकते ती बहुतेक घरातल्या रुसव्यामुळे.

शाळा मध्येच सुटली असेल तर बाहेरून परीक्षेला बसता येते. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरतात. लग्न झालेल्या सुना-लेकींनीही हा फॉर्म भरावा. कडेवर मूल आहे म्हणून परीक्षेला कोणी अडवत नाही.

शेती किंवा नोकरी सांभाळून पदवी घ्यायची तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालापासून आहे. कुरुंदकरांनी नोकरी करत जे शिक्षण पुरे केले, त्यासारखीच ही सोय आहे. फक्त घरी बसून वाचण्याची शिस्त लावून घ्यावी लागते.

मुलींसाठी एस.टी.चा प्रवास पास मोफत आहे. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या खास शाळेच्या मुलींसाठी धावतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ सालापासून शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. कॉलेजच्या ऑफिसात विचारावे, उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा वेळेवर काढून ठेवावा. ऐन वेळी तहसीलला धाव घेतली की गर्दीत अर्जाची मुदत निघून जाते.

एम.ए. करायचे ते कशासाठी?

पदव्युत्तर शिक्षणाबद्दल एक खरे बोलायला हवे. गावोगाव एम.ए., एम.एस्सी. झालेली मुले कट्ट्यावर बसलेली दिसतात. ती बघून बाप म्हणतो, "एवढं शिकून हाच उजेड पाडायचा तर शिकवलं कशाला?" त्याचे दुःख खोटे नाही. त्याने कापूस विकून फी भरलेली असते, आणि आईने अंगावरचे मणी मोडलेले असतात.

म्हणून पदवी झाल्यावर पुढे जाण्याआधी घरात बसून हिशेब करावा. कोणत्या विषयात मुलाला खरी गोडी आहे? त्या शिक्षणाने कोणते दार उघडते? कॉलेजात प्राध्यापक व्हायचे तर नुसती एम.ए. पुरत नाही; किमान ५५ टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गांना ५० टक्के, आणि वर नेट किंवा सेट परीक्षा पास व्हावी लागते. शाळेत शिक्षक व्हायचे तर डी.एड., बी.एड. आणि पात्रता परीक्षा आहे. हे आधी माहीत असले तर दोन वर्षांनी डोक्याला हात लावायची पाळी येत नाही.

आणि एक गोष्ट तर जमिनीच्या बांधावर कोरून ठेवावी. "इतके लाख द्या, नोकरी लावून देतो," असे म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्या नादी लागू नये. शेत विकून घेतलेली खुर्ची मिळेलच याची खात्री नाही; गेलेले शेत मात्र परत येत नाही. पोराच्या शिक्षणासाठी घाम गाळावा, पोटाला चिमटा घ्यावा, पण असल्या सौद्यासाठी सातबारा कोरा करू नये.

गोडी नसताना केवळ चार वर्षे काढायची म्हणून एम.ए. करण्यापेक्षा हातात कसब देणारे शिक्षण बरे. पण गोडी असेल, मूल खरोखर वाचत असेल, तर "खेड्यातल्याला काय करायचंय एवढं शिकून" हे वाक्य तोंडातून काढू नये. कुरुंद्याच्या पोराला कोणी तसे म्हणून बसवले असते तर मराठवाडा केवढ्याला मुकला असता.

घरच्यांनी करायची चार कामे

निकालाच्या दिवशी नापास झालेल्या मुलाला किंवा मुलीला एकटे सोडू नये. कोवळ्या वयात मन फार लवकर खचते, आणि दर साली कुठे ना कुठे वाईट बातमी कानावर येते. त्या दिवशी बोल लावू नये, शेजारच्याच्या पोराशी तुलना करू नये. जेवायला जवळ घेऊन बसावे. बाकीचे बोलणे दोन दिवसांनी.

दुसरे, विषय का राहिला ते शोधावे. पोर कामाला जुंपल्यामुळे शाळा बुडाली का? गणिताचा पाया आठवीतच कच्चा राहिला का? सुगीच्या दिवसांत महिनाभर वर्गात गेलेच नाही का? उसाला पाणी कुठे तुटले ते जसे सरीने सरी तपासतो, तसे हे तपासावे. बहुतेक वेळा दोष पोराच्या डोक्यात नसतो, वेळापत्रकात असतो.

तिसरे, घरात वाचायला काही तरी असावे. गावच्या ग्रंथालयाचे सभासदत्व घ्यावे. रात्री अर्धा तास टी.व्ही. आणि मोबाइल बाजूला ठेवून पोराने मोठ्याने वाचावे आणि आजी-आजोबांनी ऐकावे. ज्याला वाचता येत नाही अशा आजीनेही "पुढं काय झालं रे बाळा?" एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.

चौथे, उशीर झाला म्हणून लाजू नये. मागच्या बाकावर बसून वय वाढलेला विद्यार्थी परीक्षा देतो तेव्हा हसणारे हसोत. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते, पण १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र देऊन हजारो गोरगरिबांच्या पोरांना पदवीपर्यंत नेले. स्वतःचे राहिले म्हणून त्यांनी दुसऱ्याचे राहू दिले नाही. ज्या आई-बापांचे शिक्षण परिस्थितीने अर्धवट तुटले, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आता पुढच्या निकालाची वाट बघत बसू नका. आज रात्री जेवताना घरात विचारा, कोणाचा कोणता विषय अडला आहे, कोणाची परीक्षा अर्धवट राहिली आहे. सुनेची बारावी राहिली असेल, थोरल्याचे बी.ए.चे शेवटचे वर्ष राहिले असेल, भावजयीच्या मनात एम.ए. करायचे असेल. विचारल्याशिवाय ती सांगणार नाहीत. फॉर्मची तारीख शाळेच्या नाही तर कॉलेजच्या ऑफिसात लिहिलेली असते. जाऊन बघून या.